आण्णांची उसण

भोकर
२० जुलै

तनू,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते बाजूला ठेवशील, मला ठाऊक आहे. ठेवू नकोस. आधी वाच, मग काय फाडायचं ते फाड. फोनच करणार होते, पण आपल्या घरात फोन एकच आणि तो कायम तुझ्या आण्णांच्या खिशात. त्यांच्या नंबरावरून आलेला फोन तू उचलत नाहीस. म्हणून सातवी पास बाईनं पेन हातात धरलं आहे. चुका काढत बसू नकोस.

बातमी अशी की आण्णांच्या पाठीत उसण भरली! मलमाची कढई चुलीवरून उतरवायला गेले, "आगं माय" म्हणाले आणि वाकले ते वाकलेलेच राहिले. मला वाटलं, खाली काही पडलंय ते शोधतायत. मीही वाकून शोधायला लागले. तोंडातून शब्द फुटेना तेव्हा कळलं की शोधण्यासारखं काही नाही.

घाबरू नकोस. नांदेडला नेऊन फोटो काढून आणला. हाड चांगलं आहे, स्नायू आखडलाय, आराम करा, आपोआप जाईल, असं डॉक्टर म्हणाले. पण आपोआप जाऊ देतील तर ते आपले लोक कसले! सकाळपासून दारात वैद्यांची रांग. कुणी एरंडाची पानं गरम करून बांधली, कुणी विटेचा शेक दिला. मी मेथ्या आणि वाळूची पुरचुंडी केली. आता रोज चहाला येतात त्या ईश्वरप्पांनी लसूण-ओवा जाळून तेल काढून आणलं. समोरच्या उज्वलानं तिच्या माहेराहून एक हिरवी बाटली मागवली. वर पैलवानाचं चित्र, दंडावर बेडकुळ्या. त्या तेलाच्या वासानं आपली मांजर घर सोडून गेली. उसण मात्र गेली नाही.

आणि एक नवल सांगते. आपल्या घरात, बाजारात भोंगा लावून विकायच्या 'हणमंत मलमा'च्या डब्यांची थप्पी छतापर्यंत. मी एक डबी उघडून पाठीला लावायला बसले तर म्हणाले, "ठिव ती. त्यानं काय होतंय!" तनू, डबी माझ्या हातातून पडता पडता राहिली. उभ्या जन्मात या माणसानं स्वतःच्या मलमाला असं म्हटल्याचं मी ऐकलं नव्हतं.

येणारा जाणारा एकच विचारतो, "साखराबाई, तुमची लेक पायाळू हाय ना वो? मग हे सारं काहून करून राहिले?" मी काय सांगू? तू पायांकडून जन्मलीस तेव्हा सुईणीनं आधी कपाळाला हात लावला आणि मग म्हणाली, "पायाळू हाय. साऱ्या गावाची उसण काढंल." बाजारच्या दिवशी आपल्या ओट्यावर मोठी मोठी मिशाळ माणसं पालथी पडलेली असायची. तू फ्रॉक सावरत एकेकाच्या पाठीवर पाय देत जायचीस, की कुणी गोडी शेव द्यायचं, कुणी भेळ. तुला आठवत असेलच.

मी तुला ये म्हणत नाही. नुसती बातमी कळवली.

तुझी आई


भोकर
२९ जुलै

तनू,

तुझं पार्सल आलं! पोस्टमननं दारातून हाक मारली आणि मी पिठाच्या हातानंच धावले. पट्टा, ट्यूब आणि तुझी चिठ्ठी, तिन्ही मिळालं. चिठ्ठी मी देव्हाऱ्यात ठेवली आहे. शिव्या दिल्यास तरी अक्षर तुझं आहे.

जन्मताना पाय आधी आले म्हणून कुणाची उसण जात नसते, आराम केला की ती आपली आपण जाते, आणि पाठीवर कुणाला चढू देऊ नका, असं तू लिहिलंस. बरं बाई. शिकलेली तू. पण पट्ट्याची हकीकत ऐक.

आण्णांनी विचारलं, "कुठून आला पट्टा?" मी म्हटलं, "नांदेडहून मागिवला." त्यांनी पिशवी उलटी केली. वर तुमच्या लातूरच्या औषधांच्या दुकानाचं नाव ठसठशीत छापलेलं! मी पदराला तोंड पुसत चुलीकडे पळाले. त्यांनी पट्टा बांधला, तोही सदऱ्याच्या वरून, आणि ओट्यावर जाऊन बसले. आता गल्लीतून कुणी गेलं की त्याला हाक मारून बसवून घेतात आणि पाठ दाखवतात. "लातूरहून आलाय. कंपनीचा हाय." कुणी पाठवला ते मात्र सांगत नाहीत. साऱ्या गल्लीला ठाऊक आहे आणि सारी गल्ली माना डोलावते.

पट्ट्यानं बरं वाटतंय का म्हटलं तर म्हणतात, "जरासाक."

मग मला राहवेना. इस्लापूरच्या अलीकडं एक केवळाबाई आहे, तीही पायाळू. लांब लांबची माणसं तिच्याकडे जातात. तिला निरोप धाडला. बिचारी एसटीनं आली. चहा झाला, पाय धुतले, पदर खोचला. आण्णा घोंगडीवर पालथे पडले. केवळाबाईनं पाय उचलला आणि हे एकदम कुशीवर!

"तुमचा पाय जड हाय, बाई."

"आवं, अजून ठिवला कुठं?" केवळाबाई एका पायावर उभी.

"दिसायलाच जड हाय."

तनू, मला हसू आवरेना आणि लाजही वाटली. केवळाबाईनं जो तोंडाचा पट्टा सोडला! तिचा पाय कलेक्टरच्या पाठीला चालला म्हणे, आणि यांना चालेना. खण-नारळ देऊन, हाता-पाया पडून तिला गाडीत बसवलं. घरी येऊन मी यांना म्हटलं, "चांगला चालत आलेला इलाज वापस पाठवला. आता बसा कण्हत." तर भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "सारे पाय सारखे नसतेत."

एवढंच म्हणाले. पण त्या दिवशी माझी भाकरी एकही करपली नाही.

पंचमी जवळ आली आहे. मी काही म्हणत नाही.

तुझी आई


भोकर
६ ऑगस्ट

तनू, तनू,

आज काय पाहिलं ते सांगितल्याशिवाय मला घास जाणार नाही. वरण चुलीवर आहे, उतू गेलं तर जाऊ दे.

सकाळी आण्णा ईश्वरप्पांकडे गेले होते. मी मलमाची खोली झाडायला घेतली. कोपऱ्यात लेबलांचे गठ्ठे असतात ना, तेच. आपलं लेबल तुला तोंडपाठ आहे. वर हनुमान, खाली नाव आणि त्याखाली दुखण्यांची आगगाडी. डोकेदुखी, सर्दी, अंगदुखी, खरूज, नायटा, गजकर्ण, मूळव्याध, दातदुखी, विंचूदंश, जुनाट जखमा. लहानपणी तू ते पाढ्यासारखं म्हणायचीस आणि शेवटी आण्णांच्या आवाजात ओरडायचीस, "गुण न आल्यास येऊन सांगा, पैसे वापस!"

तर त्या लेबलांवर काळ्या शाईनं रेघा मारलेल्या! मला वाटलं उंदरानं दौत सांडली. उजेडात नेऊन बघितलं तर पट्टी लावून मारलेल्या सरळ रेघा. जुनाट जखमा खोडलं. मूळव्याध, विंचूदंश खोडलं. सर्दी, डोकेदुखी आणि अंगदुखी तेवढी ठेवलेली. एका गठ्ठ्यावर नव्हे, सगळ्या गठ्ठ्यांवर. कधी बसून केलं असेल? मी बाजारहाटाला गेले की दार लावून हेच करत असणार. मला वाटायचं झोपतात.

तेवढ्यात मागून ईश्वरप्पांचा आवाज आला. दोघं परत आले होते. ईश्वरप्पा म्हणाले, "वहिनी, मला सांगितलं होतं त्यांनी. तुम्हाला सांगू नका म्हणले."

ईश्वरप्पा कोण, हे तू विसरली नसशील. त्या बाजारी पाय गुंडाळून आलेला म्हातारा तो हाच. साखरेचा आजार, तळपायाला जखम. आण्णा त्याच्या हातावर मलमाची डबी ठेवत होते आणि तू ती हिसकून घेतलीस. "ह्यानं ही जखम भरत न्हाई. आजच्या आज दवाखान्यात जावा, न्हाई तर पाय जाईल." तू बरोबरच बोललीस. पण आण्णांच्या दुसऱ्या हातात माईक होता आणि तो चालू होता. भोंग्यातून साऱ्या भोकरच्या बाजारानं ऐकलं. त्यानंतर घरी काय झालं, ते काय म्हणाले, तू काय म्हणालीस, ते मी पुन्हा लिहीत नाही. दाराच्या बाहेर उभी राहून तू म्हणालीस, "आता ह्या दारात पाय टाकणार न्हाई," आणि खरंच टाकला नाहीस. दोन पंचम्या कोरड्या गेल्या.

ते ईश्वरप्पा त्याच दिवशी दवाखान्यात गेले होते. आता स्वतःच्या दोन्ही पायांनी रोज आपल्याकडे चालत येतात, बसतात, चहा पितात. आणि निघताना रोज न चुकता म्हणतात, "हणमंतराव, तुमच्या लेकीनं माझा पाय वाचवला." आण्णा नुसता एक कप चहा आणखी सांगतात.

आज मात्र बोलले. माझ्या हातात लेबल बघून आधी चिडले, "तुला कुणी सांगितलं हिकडं झाडायला?" मग घोंगडीवर बसले, कण्हत कण्हत, आणि म्हणाले, "खरं होतं ते तिचं. फकस्त भोंगा बंद करून बोलायला पाहिजे होतं."

मी म्हटलं, "मग लिहा की तिला."

"मला न्हाई जमत लिहायला."

ज्या माणसानं भोंग्यातून अख्खे बाजार डोलवले, त्याला पोटच्या पोरीला चार ओळी लिहायला जमत नाही. वरण उतू गेलंच.

तुझी आई


भोकर
१३ ऑगस्ट

तनू,

हे पत्र वाचलंस की पिशवी भरायला घे! आधी सांगून टाकते. तुझ्या आण्णांना उसण नाही!

शपथ. देवाशप्पथ. ऐक.

आज दुपारी मी उज्वलाकडे दिंडांच्या पुरणाची डाळ निवडायला गेले होते. पंचमीला चार दिवस राहिले. डाळ तिच्याकडे कमी पडली म्हणून मी परसदारानं घरी आले. बघते तर लिंबाच्या झाडावर कुणीतरी! मी "कोण हाय रे" म्हणून ओरडणार, तेवढ्यात सदऱ्यावरचा तुझा पट्टा दिसला. तनू, तुझे आण्णा! ज्यांना काल मी हात धरून उठवलं, ज्यांना पाण्याचा तांब्या उचलवत नाही, ते जाडजूड फांदीवर घोड्यावर बसल्यासारखे बसले होते, तोंडात सुतळी, खांद्यावर जाड दोरखंडाचा नाडा, आणि झोका बांधून राहिले होते!

मी भिंतीच्या आड बसले. तोंडात पदर कोंबला, हसू बाहेर येईल म्हणून. त्यांनी गाठ मारली, ओढून बघितली, मग सरसर खाली उतरले. अगदी तरण्या पोरासारखे. झोक्यावर फळी ठेवली आणि स्वतः बसून बघितलं. फळीवर ते जुनं पोतं टाकलं, तू लहान असताना टाकायचे तसं. मग इकडं तिकडं बघितलं, कमरेवर हात ठेवला आणि वाकत वाकत घरात जाऊन घोंगडीवर पडले.

मी थोडं थांबून पुढच्या दारानं आले. "कसं हाय दुखणं?"

"लई हाय गं. आज तर उठवंना."

"मग परसात झोका कुणी बांधला?"

दचकले! पण बाजारात उभं राहून बोललेला माणूस तो. म्हणाले, "ईश्वरप्पानं बांधला असंल."

ईश्वरप्पा! ज्यांना ओट्याच्या पायऱ्या चढताना हाताला धरावं लागतं! मी "बरं" म्हटलं आणि चहा ठेवला. साखर जास्त पडली माझ्याकडून.

आता समजलं ना? कधीची गेली असेल ती उसण, डॉक्टर म्हणाले तशी, तू लिहिलंस तशी, आपली आपण. पण ती गेली असं सांगितलं तर तुला बोलवायला निमित्त काय उरलं? म्हणून पडून राहिलेत बिचारे. केवळाबाईचा पाय लागला असता आणि आता बरं वाटतंय असं म्हणावं लागलं असतं तर पंचाईत झाली असती. म्हणून तिचा पाय जड.

तुझा या पायाळूपणावर विश्वास नाही. त्यांना उसण नाही. मग अडलंय कुठं? बिनदुखण्याच्या पाठीवर बिनविश्वासाचा पाय ठेवायला तुझं काय जातंय? जावईबापूंना विचार, दुकान एक दिवस ते बघतील.

आणि आजवर 'मी काही म्हणत नाही' असं लिहीत आले ते खोटं होतं. मी म्हणते. ये. मला तुझी फार आठवण येते, तनू. दोन पंचम्या मी उज्वलाच्या परसातले झोके ऐकत घरात बसले. आता पुन्हा नाही बसवत.

फक्त एक कर. झोका मी बघितला हे त्यांना कळू देऊ नकोस. त्यांना वाटू दे.

तुझी आई


भोकर
१९ ऑगस्ट

तनू,

सुखरूप पोचल्याचा निरोप आला. तोही आण्णांच्या फोनवर! फोन वाजला आणि तुझं नाव दिसलं, तेव्हा यांनी तो उचलायच्या आधी मला दाखवला, ईश्वरप्पांना दाखवला, मग उचलला.

पंचमीचं तुला काय सांगू, तू होतीसच. पण तू आत आलीस तेव्हा तुझा चेहरा माझ्याकडे होता. आण्णांचा मला दिसत होता, तुला नाही. एसटी यायच्या वेळेपासून ते घोंगडीवर पालथे पडून होते. चपला काढल्याचा आवाज आला आणि कण्हणं एकदम वाढलं. तू पाय धुतलेस, पदर खोचलास, आणि पाठीवर पाय ठेवलास. त्यांनी डोळे मिटले आणि घोंगडीत तोंड खुपसलं. मला क्षणभर वाटलं, खरंच दुखलं की काय. तू पाय काढलास तेव्हा घोंगडी ओली होती. तुझी नजर जायच्या आधी मी ती उचलली. त्यांनी तर एवढंच म्हटलं, "गेली." मग झोक्यावर तू बसलीस आणि ते झोके देत होते, तेव्हा कुणाला त्यांची पाठ आठवली नाही. तुलाही नाही, मला कळलं. नंतर आठवली तेव्हा तू जीभ चावलीस.

आता तू गेल्यावरचं सांगते.

तुझी गाडी गेली. घरी येऊन हे ओट्यावर बसले. पट्टा काढून घडी घालून ठेवला. मी चिडवायला म्हटलं, "काय मग, आला का गुण?"

"हाव. उसण गेली." मग म्हणाले, "आगं, पण पोरगी हलकी झाली."

"म्हंजे?"

"लग्नाच्या आधी पाय ठिवला की पाठीला कळायचं, कुणी तरी ठिवलाय. ह्या खेपेला तर कळलंच न्हाई. वजन घटलंय तिचं. दिवसभर दुकानात उभी ऱ्हाती. येळेवर जेवती का न्हाई, ते कुणी बघतंय का?"

तनू, मी तुला डोळे भरून बघितलं होतं. मला तू बारीक दिसली नाहीस. त्यांना पाठीवरून कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर स्वयंपाकघरात हे! मलमाच्या कढईखेरीज यांना चुलीपुढं मी या जन्मी पाहिलं नव्हतं. खारीक, खोबरं, डिंक, गूळ, सारं ईश्वरप्पांकडून आणवलेलं, आणि मलमाचा लोखंडी खलबत्ता मांडून कुटत बसलेले. मी म्हटलं, आवं, श्रावणात डिंक उष्ण पडतो. तर मलाच म्हणाले, "तुला काय कळतंय दव्यातलं!" लाडू बरोबर पाठवत आहे. खलबत्ता मी चिंचेनं घासून दिला होता, तरी थोडा कापराचा वास राहिलाय. नाक दाबून खा. अंग नाही भरलं तर निदान सर्दी तरी होणार नाही.

डबा त्यांनी स्वतः बांधला. मी दोरा सोडून आत चिठ्ठी बिठ्ठी आहे का बघितलं. काही नाही. लिहायला जमत नाही म्हणाले होते ना. पण झाकणावर मलमाचं लेबल चिकटवलं आहे. हनुमान तेवढा ठेवलाय. सर्दी, डोकेदुखी, अंगदुखी, तेही खोडलं. त्याखाली त्यांच्या वाकड्या अक्षरात लिहिलं आहे:

"सकाळी एक, रात्री एक, दुधासंगं. गुण आला तरी येऊन सांगावे. न आला तरी येऊन सांगावे."

तुझी आई